स्वागताखालचा कावळा

ही हकिकत सांगायची मी आजवर टाळत आलो. टाळायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. दुसरी एक हकिकत आयती तयार होती आणि लोकांना तीच आवडायची. ती अशी, की ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, विरारमधल्या पुष्कळांनी कॉम्प्युटर फक्त वर्तमानपत्रातल्या चित्रात पाहिला होता तेव्हा, एका गणिताच्या मास्तराने सातवीच्या मुलांकडून पडद्यावर हलती चित्रं काढून घेतली. तो मास्तर मी. या हकिकतीवर मला बऱ्याच शाली मिळाल्या आहेत. आमच्याकडच्या हवेत शाल पांघरायची वेळ सहसा येत नाही, त्यामुळे त्या घडी न मोडता कपाटात पडून आहेत. अलीकडेच एका शाळेने पुन्हा बोलावलं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने "आपल्या भागातल्या ॲनिमेशनचे जनक" अशी ओळख करून दिली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. जनक घरी आला, पाणी प्यायला आणि हे लिहायला बसला.

शाळेत कॉम्प्युटर आला तो कुठल्याशा योजनेतून, पेंढ्यात गुंडाळलेला, एरवी केळीचे घड वाहणाऱ्या टेम्पोतून. तो शिकवायला कोणी तरी हवं म्हणून मला प्रशिक्षणाला धाडलं. ही निवड माझ्या बुद्धिमत्तेवर झाली असं शाळेच्या स्मरणिकेत छापलेलं आहे. वास्तविक गणिताच्या दुसऱ्या सरांच्या घरी लग्न होतं. प्रशिक्षणात आम्ही पुष्कळ चहा प्यायलो आणि यंत्राला केव्हा काय होऊ शकतं याची भीती बरोबर घेऊन परतलो.

मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, यंत्राची पूजा घातली. नारळ खोलीच्या बाहेर फोडला, पाणी आत उडू नये म्हणून. एवढी खबरदारी घेतल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने बटणांवर हळदकुंकू वाहिलं, आणि आरंभ शून्यापासून होतो म्हणून शून्याच्या बटणावर जरा जास्तच वाहिलं. ते बटण पुढे कायमचं अडकू लागलं. कधी दाबून उमटत नसे, कधी एकदा दाबलं की दोनदा उमटे, आणि दहावर जायचं चित्र शंभरावर जाऊन पडद्याबाहेर पडे. शिवणाच्या बाईंनी यंत्राला जांभळ्या मखमलीचं आच्छादन शिवलं, त्याला सोनेरी झालर लावली. मुलांनी नळावर पाय धुऊन, पुसून, रांगेने आत यायचं असा नियम झाला. एका मुलाने उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. त्याला कोणी हसलं नाही. मीही नाही.

हलतं चित्र म्हणजे काय, तर काढलेलं पुसायचं आणि जरासं सरकवून पुन्हा काढायचं. कॉम्प्युटर हे भराभर करतो, एवढंच त्याचं कौतुक. मुलांनी आधी आलेखाच्या कागदावर चित्र काढायचं, एकेका बिंदूचे आकडे लिहायचे आणि ते आकडे आज्ञांमध्ये घालून टाइप करायचे. पुसण्यासाठी तेच चित्र त्याच जागी काळ्या रंगात पुन्हा काढायचं. सगळं जमलं, की टेपरेकॉर्डर जोडून ते कॅसेटवर उतरवायचं, कारण यंत्र बंद केलं की त्याच्या डोक्यातलं सगळं जायचं. कॅसेटही एकच होती, मोठ्या सरांनी घरून आणलेली, जुन्या भजनांची. तिच्या कडेच्या भोकांवर चिकटपट्टी लावून आम्ही ती पुन्हा वापरात आणली होती. दुसरी कॅसेट मंजुरीला गेली होती.

दुपारी वीज जायची, आणि आमचा तास दुपारी. मग मी मुलांना मैदानात न्यायचो. चुन्याने चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीत एक मूल. उभं राहिलं तर बिंदू पेटला, बसलं तर विझला. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी: कितव्या शिट्टीला उठायचं, कितव्या शिट्टीला बसायचं. मी शिट्टी फुंकायचो आणि पांढऱ्या सदऱ्यांचा एक चेंडू मैदानावर उड्या मारत जायचा. मात्र तो फक्त पहिल्या मजल्याच्या सज्जातून दिसे. खाली असलेल्यांना आपण चेंडू आहोत हे कळायचं नाही. त्यांना फक्त गुडघे दुखलेले कळायचे. मोठ्या सरांचा बरेच दिवस समज होता, की ही झेंडावंदनाची कवायत आहे.

सज्जात उभं राहून चुका ओरडून सांगायला मी एका मुलीला नेमलं होतं, कारण तिचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जाई. ती अर्नाळ्याची, कोळ्याघरची, रोज एसटीने विरारला येणारी. घरचं बोलणं शाळेत बदलायचं असतं हे तिला कोणी पटवून देऊ शकलं नव्हतं. "तिसऱ्या रांगेतला बोका, उठ ना रं! तुज्यामुलं चेंडू फाटला!" असं ती वरून ओरडे आणि चेंडू शिवला जाई.

तिनं स्वतःसाठी जे चित्र निवडलं ते वलांडीचं. बोंबील सुकत घालायला बांबूंची जी आडवी-उभी चौकट बांधतात ती वलांडी. पडद्यावर बोंबील दोरीवर लोंबकळत, वाऱ्याने डुलत. डावीकडून एक कावळा तिरका तिरका उड्या मारत येई, मान वाकडी करी, एक बोंबील उचली. एवढ्यात उजवीकडून बांगड्या घातलेला एक हात येई आणि कावळा उडून जाई. बोंबलासकट.

"हा कावळा तिरका का चालतो?" मी विचारलं. "सरळ चालव. आकडे सोपे होतील."

"सर, चोर कवा सरल येतो का?"

वर्गात हशा झाला. मी कावळा तिरका राहू दिला.

मोठ्या सरांना मात्र त्या चित्राचा वास पडद्यावरूनही आला. मला बोलावून म्हणाले, "अहो सर, सरस्वतीच्या तसबिरीसमोर बोंबील? मोर दाखवा, कमळ दाखवा. नाही तर तेवती समई दाखवा." मी स्वतः तळलेले बोंबील आवडीने खाणारा माणूस. पण त्यांच्यापुढे माझं नाक एकदम सोवळं झालं. "खरं आहे, सर," मी म्हणालो, "मी सांगून पाहतो." तिला सांगितलंही. ती म्हणाली, "सर, मोर मी कंदी बगितलाच नाय. मना कसं जमंल?" विषय तिथे राहिला.

मग एक दिवस तिची आई शाळेत आली. विरारच्या बाजारातली विक्री उरकून थेट आली होती. शिपायाने तिची टोपली फाटकाबाहेर ठेवायला लावली, त्यामुळे बोलता बोलता तिचं अर्धं लक्ष तिथे जमलेल्या मांजरांकडे.

"तुमी ते टीव्हीचं मास्तर?"

"कॉम्प्युटरचा. या, बसा मावशी."

"बसाला टाइम नाय. माजी पोर रोज उशिरा घरी येते. वलांडीवर बोंबील, नि कावल्यांना हाकलाला कोन नाय. पोर कुठं? तर मास्तर तिला कावला शिकवतात! आमच्याकडं कावले फुकट हायत, मास्तर. लागतील तेवढे घेऊन जा."

मुलगी दाराशी उभी होती. मला हसू आलं, तिला नाही. तेव्हा मला कळलं, की प्रश्न कावळ्यांचा नाही. त्या घरात मुली सातवीपर्यंत शिकत आणि मग आईच्या हाताखाली जात. हिला पुढे शिकायचं होतं, आणि आई पक्की ठरवत नव्हती.

मी म्हणालो, "मावशी, मुलगी हुशार आहे. संमेलनाला मोठे पाहुणे येणार आहेत. त्यांच्यासमोर हिचं चित्र दाखवणार आहोत. तुम्ही स्वतः येऊन बघा."

तिनं माझ्याकडे आणि मुलीकडे आळीपाळीने पाहिलं. बाजारात माल पारखायची नजर ती.

"बरं. येते नि बगते. सगल्या लोकात माज्या पोरीचं काय दिसलं, तर आठवी. नाय दिसलं, तर वलांडी. मंग तुमी बोलाचं नाय, मास्तर, नि हिनंबी रडाचं नाय."

"कबूल," मी म्हणालो. दुसऱ्याच्या आयुष्यावर पैज लागत असली, की माणूस किती चटकन कबूल म्हणतो.

त्यानंतर ती मुलगी यंत्राजवळून हलेना. शून्याच्या अडकणाऱ्या बटणाशी भांडत तिनं सगळं टाइप केलं आणि कॅसेटच्या अगदी सुरुवातीला ते उतरवून ठेवलं. त्या दिवशी पाहुण्यांपुढे शोधाशोध नको, कॅसेट मागे गुंडाळली की पहिलं हेच यावं, असा तिचा विचार. मला तिनं तसं सांगितलंही. मी मान हलवली. माझी मान त्या काळात बरीच हले.

कारण माझं लक्ष दुसरीकडे होतं. आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम मान्यवरांच्या स्वागताशिवाय सुरू होत नाही. स्वागत, मग स्वागताचा स्वीकार, मग शाल-श्रीफळ, आणि त्यातून वेळ उरला तर कार्यक्रम. पाहुणे वजनदार होते. त्यांच्या एका शब्दाने शाळेला दुसरा कॉम्प्युटर मिळेल असं मोठ्या सरांचं मत होतं. म्हणून त्यांचं स्वागत कॉम्प्युटरने करावं अशी कल्पना निघाली. ती माझीच होती. त्या यंत्राला देवनागरी येत नव्हती, तेव्हा इंग्रजी अक्षरांत 'सुस्वागतम', भोवती ठिपक्यांची फुलमाळ, आणि खालून पाहुण्यांचं पूर्ण नाव उजवीकडून डावीकडे सरकत जाणारं. नाव लांब, पदव्या त्याहून लांब. मुलांसाठी पूर्ण वर्षात जेवढे श्रम मी घेतले नसतील, तेवढे त्या फुलमाळेसाठी घेतले.

संमेलनाच्या आदल्या दिवशी ते स्वागत मी कॅसेटवर उतरवलं. एकटाच होतो. कॅसेट पुढे गुंडाळून, मोकळी जागा शोधून मग उतरवायचं, हा नियम मीच फळ्यावर लिहिलेला होता. पण स्वागत शेवटी कोण करतं? ते पहिलंच यायला हवं. मी कॅसेट पूर्ण मागे नेली आणि सुरुवातीलाच उतरवलं.

तिथे काय आहे हे मला माहीत होतं का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. बराच काळ माझं उत्तर 'विसरलो' असं होतं. ते खरं नाही. माहीत नव्हतं असं पुढे म्हणता येईल, इतपतच मला माहीत होतं. सुरुवातीला थोडी जागा कोरी असेल, असं मी मनाशी म्हणालो आणि तपासलं नाही. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात हेही होतं, की त्या मोठ्या माणसापुढे बोंबील नाही आले तर मोठे सर खूश होतील. चूक म्हणावं तर ती मुद्दाम होती, आणि मुद्दाम म्हणावं तर तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. तिची आई आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून. टोपली घरी ठेवली होती. शिपायाने तिला मागे बसवलं तशी ती उठून पुढे आली. "मना लांबचं दिसत नाय," म्हणाली, आणि बसली.

मखमल दूर झाली. टेप सुरू होताच नेहमीचा कर्कश आवाज निघाला, पाहुणे दचकले. मग पडदा उजळला, फुलमाळ गोल फिरू लागली आणि पाहुण्यांचं नाव पदव्यांसह सरकू लागलं. संपलं की पुन्हा येई. पाहुण्यांनी चष्मा पुसला. "पुन्हा दाखवा," म्हणाले. ते थांबतच नव्हतं, त्यामुळे पुन्हा दाखवणं सोपं होतं. फोटो निघाले. टाळ्या झाल्या.

मोठ्या सरांनी कागदावरून वाचलं: "आता सातवीतील विद्यार्थिनीने सागरी जीवनावर तयार केलेलं चलत्-चित्र." बोंबलांचं सागरी जीवन त्यांनी रात्रीतून केलं होतं. मुलगी पुढे आली. तिनं कॅसेट मागे नेली आणि टेप चालू केली. पडद्यावर पुन्हा स्वागतच आलं. तिनं टेप पुढे नेली. पुन्हा आवाज, आणि पडद्यावर चूक असल्याची सूचना. पुन्हा मागे, पुन्हा स्वागत. लोक चुळबुळले. ती टेपरेकॉर्डरला कान लावून ऐकत राहिली. आपल्या चित्राचा आवाज तिला ओळखता येत होता. स्वागताचा आवाज संपून, मधेच तुटल्यासारखा, तिच्या कावळ्याचा शेवटचा तुकडा वाजला असणार.

ती माझ्याकडे वळली. "सर, माजं खाली हाय."

"कुठे खाली?"

"तुमच्या सुस्वागतमच्या खाली."

लोक हसले. पाहुणेही हसले. मोठ्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालं, सर?"

उत्तर द्यायला मला फार वेळ लागला नाही, हे मी इथे नोंदवून ठेवतो. मी म्हणालो, "तिनं नीट उतरवलं नव्हतं, सर. चुकीचं बटण दाबून पुसलं गेलं असेल. जाऊ द्या, लहान आहे."

लहान आहे, हे मी प्रेमाने म्हणालो. माझ्या या क्षमाशीलतेचा पाहुण्यांनी पुढे भाषणात उल्लेख केला.

मुलगी जागची हलली नाही. हळूच म्हणाली, "सर, मैदानात दावू? सगली पोरं हायत. कावला मना पाठ हाय."

तसं करता आलं असतं. पोरं होती, शिट्टी माझ्या खिशात होती, आणि सज्जातून तिच्या आईला सगळं दिसलं असतं. पण शेजारच्या वर्गात पाहुण्यांसाठी कोथिंबीर वडी गार होत होती. "आता खाली बस," मी म्हणालो.

पाहुण्यांच्या गाडीने धूळ उडवल्यावर फाटकाशी तिच्या आईने मला गाठलं. मुलगी मागे, मान खाली घालून.

"मास्तर, तुमच्या पावन्याचं नाव लय छान पलत होतं," ती म्हणाली. "माज्या पोरीचा कावला काय दिसला नाय. नि घरी माजे खरे बोंबील खऱ्या कावल्यांनी नेले, ते येगलंच."

"मावशी, तसं नाही. मुलगी खरंच..."

"बोलाचं नाय असं ठरलंय." मग मुलीकडे वळून, "चल गं. बटन नीट दाबता येत नाय, निदान दगड तरी नीट मारता येल."

जूनमध्ये आठवीची हजेरी मी घेतली तेव्हा ती नव्हती. शाळेला दुसरा कॉम्प्युटर मात्र आला. माझं स्वागत पुढे कितीतरी पाहुण्यांसाठी वापरलं गेलं. फक्त नाव बदलायचं. विरारहून अर्नाळ्याला एसटी जाते, तेव्हाही जायची. मी त्या थांब्यावरून रोज चालत गेलो. कधी परीक्षा होत्या, कधी पाऊस होता, कधी वाटे आता फार उशीर झाला, आणि मग खरोखरच फार उशीर झाला. निवृत्त होऊन मी नालासोपाऱ्यात आलो. त्या मुलीचं काय झालं असेल याची काही करुण चित्रं मी मनाशी काढून ठेवली होती. ती मला उगाळायला बरी पडत.

काही वर्षांपूर्वी इथल्याच तुळिंजच्या बाजारात मासळी घ्यायला गेलो होतो. बर्फाच्या पेट्यांमागे एक भरदार बाई बसली होती. तिच्या हाताखाली दोन माणसं. ती एका गिऱ्हाइकाला हिंदीत झापत होती. मध्येच थांबून माझ्याकडे बघत राहिली.

"अगो बाय! सर ना तुमी? कॉम्प्युटरचे?"

मी ओळखलं. माझ्या कुठल्याच करुण चित्रात ती बसत नव्हती. शेजारी तिची कॉलेजात जाणारी मुलगी मोबाइलवर हिशेब करत होती. तिला कोपराने ढोसून ती म्हणाली, "उठ, पाया पड. हेच ते सर. मी सांगते ना तुला, शाळंत मी चुकीचं बटन दाबलं नि सगलं पुसून टाकलं, पावन्यांच्या पुढ्यात! माजी आय तर मरंपर्यंत बोलत होती. पन सर काय बोलले? लहान आहे, बोलले. दुसरा असता तर कानफटात मारली असती."

"मम्मी, तू पण ना!" मुलगी हसली. "आम्हाला मोबाइलला हात लावू नको म्हणते, आणि स्वतः आख्खा कॉम्प्युटर पुसला."

"पुसला खरा," ती म्हणाली आणि तीही हसली. "माज्याच हाताला गुन नवता, सर. नाय?"

तेव्हा तिला कळलेलं खरं पुसून, त्या जागी माझं वाक्यच तिची आठवण झालं होतं. दोघी माझ्याकडे पाहत होत्या. मुलगी पाया पडायला वाकलेली. मागचं गिऱ्हाईक घाई करत होतं, पण ते थांबलं असतं. मला म्हणायचं होतं: पोरी, तुझ्या हातून काहीच पुसलं गेलं नव्हतं. तू अगदी नीट उतरवलं होतंस. ते मी पुसलं, तुझ्या आईसमोर तुझ्यावर ढकललं, आणि वर तुलाच माफ केलं. मला क्षमा कर.

मी हसलो. म्हणालो, "कोलंबी दे थोडी. साफ करून दे."